पुसायच्या राहिलेल्या फिती : ब्रिटिश सिंथ-पॉपच्या व्हिडिओ कॅसेटी आणि इतिहासाची साधने

१/२८
१ जानेवारी १९६४ रोजी बीबीसीने ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा साप्ताहिक संगीत कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनमधील बहुतेक गाजलेले बँड त्याच्या मंचावर येऊन गेले; पण पहिल्या दहा-बारा वर्षांतील बहुसंख्य भाग आज उपलब्ध नाहीत. चित्रफीत महाग होती, पुसून पुन्हा वापरता येत होती, आणि पॉप संगीत ही जतन करण्याजोगी गोष्ट आहे असे संस्थेला वाटत नव्हते.

२/२८
जून १९६६ मध्ये बीटल्स या कार्यक्रमात प्रत्यक्ष आले होते. तो भागही पुसला गेला. २०१९ साली त्याचा काही सेकंदांचा एक तुकडा प्रकाशात आला, पण तो बीबीसीच्या भांडारातून आलेला नव्हता. लिव्हरपूलमधील एका कुटुंबाने घरच्या टीव्हीसमोर ८ मिमीचा कॅमेरा धरून तेवढे दृश्य टिपले होते. जगातील सर्वांत प्रसिद्ध बँडच्या बाबतीत ही स्थिती.

३/२८
आता १९७९ ते १९८९ हा काळ पाहा. गॅरी न्यूमन, ह्यूमन लीग, सॉफ्ट सेल, ड्युरान ड्युरान, डिपेश मोड, न्यू ऑर्डर यांच्या चित्रफिती आणि कॉन्सर्टपट विपुल प्रमाणात टिकून आहेत. जाहिरात म्हणून बनलेल्या, विकत वा भाड्याने मिळणाऱ्या आणि लोकांच्या कपाटांत पडून राहिलेल्या कॅसेटींचा यात मोठा वाटा आहे. त्या कॅसेटी कशा घडल्या, कशा टिकल्या आणि इतिहासाचे साधन म्हणून कशा वाचाव्यात, हा या धाग्याचा विषय.

४/२८
प्रथम पार्श्वभूमी. १९७६-७७ च्या पंक लाटेनंतर ब्रिटनमध्ये आलेल्या नव्या संगीताला ‘न्यू वेव’ हे काहीसे सैल नाव मिळाले. त्यातील जी शाखा गिटारऐवजी सिंथेसायझरवर उभी राहिली, ती ‘सिंथ-पॉप’. तिची केंद्रे लंडनबाहेरही होती. ह्यूमन लीग शेफील्डचे, सॉफ्ट सेल लीड्सचे, ड्युरान ड्युरान बर्मिंगहॅमचे, डिपेश मोड एसेक्समधील बॅझिल्डन या युद्धोत्तर काळात वसवलेल्या शहराचे, तर ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क, म्हणजेच ओएमडी, लिव्हरपूलसमोरच्या विरलचे.

५/२८
सत्तरच्या दशकाच्या आरंभी सिंथेसायझर ही श्रीमंत बँडची चैन होती. दशक संपता संपता कॉर्ग आणि रोलँड या जपानी कंपन्यांची, तसेच ‘वॉस्प’सारखी ब्रिटिश बनावटीची तुलनेने स्वस्त वाद्ये बाजारात आली. ओएमडीच्या तरुणांनी आपला पहिला कॉर्ग सिंथेसायझर टपालाने माल पुरवणाऱ्या सूचिपत्रातून हप्त्यांवर घेतला. संगीताचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या मुलांनाही दोन बोटांनी एखादी धून उभी करता येऊ लागली.

६/२८
या सोयीबरोबर संशयही आला. कळ दाबली की यंत्र वाजते. मग वादक नेमके करतो काय? ओएमडीच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांत तालाची साथ करणारा टेप रेकॉर्डर मंचावरच ठेवलेला असे. ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतील नायकावरून त्याचे नाव ‘विन्स्टन’ ठेवले होते. पुढे मे १९८२ मध्ये म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्यावर बंदी घालण्याचा ठराव केला. ती बंदी देशभर कधीच लागू झाली नाही. पण ठरावामागे वादकांच्या पोटापाण्याची खरी चिंता होती.

७/२८
अशा वातावरणात कॉन्सर्टची चित्रफीत ही निव्वळ करमणूक राहत नाही. मंचावर किती माणसे आहेत, कोणाचे हात कोणत्या वाद्यावर आहेत, ढोल माणूस वाजवतो की यंत्र, हे सारे तिच्यात दिसते. १९७९ साली गॅरी न्यूमन यांची दोन गाणी लागोपाठ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्यांच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले. ‘द टूरिंग प्रिन्सिपल’ ही त्याची कॅसेट १९८० मध्ये निघाली. ब्रिटनमध्ये घरगुती कॅसेटवर विक्रीस आलेल्या पहिल्या पूर्ण कॉन्सर्टपटांत तिची गणना होते.

८/२८
मग ही प्रथाच पडली. ओएमडीचा डिसेंबर १९८१ मधील थिएटर रॉयल, ड्रुरी लेन येथील कार्यक्रम कॅसेटवर आला. तोवर ‘विन्स्टन’च्या जागी ढोलवादक बसला होता. जपान या बँडचा ‘ऑइल ऑन कॅनव्हास’ (१९८३) आणि टिअर्स फॉर फिअर्सचा ‘इन माय माइंड्स आय’ (१९८४) हे दोन्ही हॅमरस्मिथ ओडियनमध्येच चित्रित झाले. डिपेश मोडने डिसेंबर १९८४ मधील हॅम्बुर्गचा कार्यक्रम निवडला. एका सभागृहाची एक संध्याकाळ आता दुकानाच्या फळीवर ठेवता येत होती.

९/२८
दुसरा प्रकार म्हणजे प्रसिद्धीसाठी बनवलेली गाण्याची चित्रफीत. तिचा उगम व्यावहारिक अडचणीत आहे. दौऱ्यावर असलेला बँड दर आठवड्याला स्टुडिओत येऊ शकत नसे, शिवाय ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील वाहिन्यांनाही काहीतरी पाठवावे लागे. १९७५ साली क्वीनच्या ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’च्या चित्रफितीने हा मार्ग किती परिणामकारक ठरू शकतो हे दाखवून दिले. त्यानंतर अशा चित्रफिती बनवणे ब्रिटिश कंपन्यांच्या अंगवळणी पडत गेले.

१०/२८
१ ऑगस्ट १९८१ च्या मध्यरात्री अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. तिने दाखवलेली पहिली चित्रफीत होती बगल्स या ब्रिटिश जोडीच्या १९७९ मधील ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ची; दिग्दर्शक ऑस्ट्रेलियाचे रसेल मल्केही. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला चित्रफितींची अखंड भूक होती. अमेरिकी कंपन्यांकडे त्या पुरेशा नव्हत्या, ब्रिटिश बँडकडे मात्र तयार होत्या.

११/२८
परिणाम लवकरच दिसला. ह्यूमन लीगचे ‘डोन्ट यू वाँट मी’ डिसेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. जुलै १९८२ मध्ये ते अमेरिकेतही तेथे पोहोचले. स्टीव्ह बॅरन यांनी त्याची चित्रफीत ३५ मिमी फिल्मवर, चित्रपटाच्या आत चित्रपट अशा रचनेत घेतली होती. शेफील्डच्या बँडला अमेरिकेतील घराघरांत चेहरा मिळाला तो या चित्रफितीमुळे. अमेरिकी पत्रकारांनी या लाटेला ‘दुसरे ब्रिटिश आक्रमण’ म्हटले.

१२/२८
या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. सुरुवातीच्या एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलावंत जवळजवळ दिसत नसत. आपली वाहिनी रॉक संगीताची आहे, हे तिचे स्पष्टीकरण होते. १९८३ साली डेव्हिड बोवी यांनी एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीदरम्यान याचा थेट जाब विचारला. त्याच वर्षी मायकेल जॅक्सन यांच्या ‘बिली जीन’ने ही भिंत हलवली, आणि त्या चित्रफितीचे दिग्दर्शकही स्टीव्ह बॅरनच होते. ब्रिटिश सिंथ-पॉपच्या अमेरिकी विजयाचा हिशेब मांडताना कोणासाठी दार बंद होते, हेही मांडावे लागते.

१३/२८
या युगाचा सर्वांत झगझगीत संग्रह ड्युरान ड्युरानचा. १९८२ मध्ये मल्केही यांनी त्यांना श्रीलंकेत नेले. ‘हंग्री लाइक द वुल्फ’ आणि ‘सेव्ह अ प्रेयर’ यांतील दृश्ये तेथली. दुसऱ्या गाण्यात सिगिरियाचा प्रचंड खडक आणि पोलोन्नारुवाचे प्राचीन अवशेष दिसतात. १९८३ मध्ये अकरा चित्रफितींचा ‘ड्युरान ड्युरान’ हा व्हिडिओ अल्बम निघाला. फेब्रुवारी १९८४ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत व्हिडिओ अल्बमचा पहिलावहिला मान त्यालाच मिळाला.

१४/२८
त्या चित्रफितींत श्रीलंका म्हणजे हत्ती, मंदिरे, दमट अरण्य आणि समुद्रकिनारा. देश तेथे गोऱ्या तरुणांच्या साहसाचा पडदा म्हणून येतो. तेथील माणसे गर्दीत असतात, कथेत नसतात. चित्रीकरणानंतर पुढच्याच वर्षी, जुलै १९८३ मध्ये, श्रीलंकेत तमिळांविरुद्ध भीषण हिंसाचार उसळला आणि दीर्घ यादवी युद्धाला तोंड फुटले. त्याची चाहूलही कॅमेऱ्याला नाही. हा कॅमेऱ्याचा अपघात म्हणता येणार नाही, कारण त्याला पाठवले होते ते निसर्गचित्रे आणायला.

१५/२८
याच संग्रहातील ‘गर्ल्स ऑन फिल्म’च्या दोन आवृत्त्या आहेत. गॉडली आणि क्रीम यांनी १९८१ मध्ये बनवलेली मूळ चित्रफीत बीबीसीने दाखवली नाही. टीव्हीसाठी सोज्वळ केलेली आवृत्ती वेगळी होती. मूळ आवृत्ती घरी पाहायची तर कॅसेट हवी. म्हणजे १९८३ चा टीव्हीचा प्रेक्षक आणि कॅसेटचा ग्राहक एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी पाहत होते. ‘ती चित्रफीत पाहिली’ असे कोणी म्हटले, तर कोणती, हे विचारणे इतिहासकाराचे काम.

१६/२८
या कॅसेटींचे तंत्रही समजून घेऊ. बाजारात बीटामॅक्स आणि व्हीएचएस अशा दोन परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती होत्या. अखेर व्हीएचएस टिकली. त्याखेरीज ब्रिटनची ‘पाल’ आणि अमेरिकेची ‘एनटीएससी’ अशी टीव्ही प्रणालींची फाळणी होती. भारतानेही ‘पाल’ स्वीकारली असल्यामुळे लंडनहून आणलेली कॅसेट मुंबईच्या व्हीसीआरवर चालू शके. न्यूयॉर्कहून आणलेली साध्या यंत्रावर चालत नसे. त्यामुळे एकच संग्रह वेगवेगळ्या बाजारांसाठी वेगळा काढावा लागे.

१७/२८
मराठी वाचकाला इथे एक जुना भेद उपयोगी पडेल. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरीपेक्षा अस्सल समकालीन पत्राला अधिक मोल दिले. प्रसिद्धीची चित्रफीत बखरीच्या जवळची: रचलेली, सजवलेली, कोणाच्या तरी गौरवासाठी लिहिलेली. कॉन्सर्टची फीत पत्राच्या जवळची, कारण ती एका ठरावीक दिवशी एका ठरावीक जागी घडलेल्या गोष्टीची नोंद असते.

१८/२८
पण हा भेद डोळे मिटून लावता येत नाही. कॉन्सर्टपटही कापला-जोडला जातो, आणि त्यातील ध्वनी नंतर स्टुडिओत दुरुस्त करता येतो. ड्युरान ड्युरानच्या ‘अरीना’ (१९८५) या चित्रपटात कॉन्सर्टची खरी दृश्ये एका खलनायकाच्या काल्पनिक कथेत गुंफलेली आहेत. युरिद्मिक्सच्या १९८३ मधील व्हिडिओ अल्बममध्ये तर मंचावरचा कार्यक्रम आणि प्रसिद्धीच्या चित्रफिती सरमिसळ येतात. पत्राच्या पाकिटात बखर घातलेली असू शकते.

१९/२८
उलट टोकाला मँचेस्टरची फॅक्टरी ही छोटी कंपनी. तिच्या ‘आयकॉन’ या शाखेने १९८२ मध्ये जॉय डिव्हिजनची ‘हिअर आर द यंग मेन’ ही कॅसेट काढली. चित्र धूसर, आवाज खडबडीत. पण गायक इयन कर्टिस यांनी मे १९८० मध्ये आपले जीवन संपवले होते. पुन्हा चित्रीकरण शक्यच नव्हते. उरलेल्या सदस्यांच्या न्यू ऑर्डर या बँडचा नोव्हेंबर १९८१ मधील कार्यक्रम न्यूयॉर्कच्या युक्रेनियन नॅशनल होममध्ये टिपला गेला. कॅसेटला युक्रेनच्या राष्ट्रकवीचे नाव मिळाले: ‘तारास शेव्हचेन्को’.

२०/२८
आता जतनाचा प्रश्न. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत ब्रिटिश लायब्ररीला देणे कायद्याने बंधनकारक आहे. व्हिडिओ कॅसेटसाठी असे बंधन नव्हते. हिंसक कॅसेटींवरील गदारोळानंतर आलेल्या १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याने कॅसेटींची तपासणी सक्तीची केली, पण संगीतविषयक कॅसेटींना सर्वसाधारणपणे त्यातून सूट दिली. परिणामी बहुतेक संगीत कॅसेटी सरकारच्या कोणत्याही दफ्तरात शिरल्याच नाहीत. त्या सेन्सॉरच्या नजरेतून सुटल्या, आणि ग्रंथपालाच्याही.

२१/२८
ही पोकळी रसिकांनी भरली. नोव्हेंबर १९८२ मध्ये न्यूकॅसलहून ‘द ट्यूब’ हा कार्यक्रम चॅनल ४ वर सुरू झाला. घरोघरचे व्हीसीआर असे कार्यक्रम टिपू लागले. १९८३ च्या आरंभी फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडने ‘रिलॅक्स’ हे गाणे तेथे सादर केले, तेव्हा ते ध्वनिमुद्रिकेवर निघालेही नव्हते. गाणे जगप्रसिद्ध होण्यापूर्वी कसे होते, हे त्या प्रक्षेपणात दिसते. अशी घरगुती नोंद तेव्हा काटेकोरपणे कायद्यात बसत नव्हती. सोयीच्या वेळी पाहण्यापुरती मुभा १९८८ च्या कायद्याने दिली.

२२/२८
कपाटातली फीत मात्र अमर नसते. चुंबकीय कण धरून ठेवणारा थर दमट हवेने चिकट होतो, कण झडतात, चित्रावर पांढऱ्या रेघा उमटतात. काही व्यावसायिक फिती नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवून जेमतेम एकदा चालवण्याजोग्या करता येतात. यंत्रेही संपत चालली आहेत: व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. फीत शाबूत, पण वाचणारे यंत्र नाही, ही अडचण आता खरी आहे.

२३/२८
चित्रीकरण फिल्मवर झाले असेल तर नशीब वेगळे. १८ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसडीना येथील रोझ बोलमध्ये साठ हजारांहून अधिक लोकांसमोर डिपेश मोडचा कार्यक्रम झाला. डी. ए. पेनबेकर आणि सहकाऱ्यांचा ‘१०१’ (१९८९) हा माहितीपट १६ मिमी फिल्मवर होता, म्हणून २०२१ मध्ये तो नव्याने, कितीतरी स्पष्ट रूपात काढता आला. त्यात बँडइतकेच महत्त्व बसने देश ओलांडत निघालेल्या तरुण रसिकांना आहे. त्या काळचे कपडे, केस, बोलणे, उत्साह हे सारे तेथे टिकले.

२४/२८
सारे शाबूत असूनही संग्रह अडकू शकतो. १९८१ च्या ‘अर्घ! अ म्युझिक वॉर’ या चित्रपटात पोलीस, ओएमडी, गॅरी न्यूमन, एक्सटीसी अशा अनेकांची प्रत्यक्ष सादरीकरणे आहेत. न्यू वेवचे इतके विस्तृत एकत्रित चित्र दुसरीकडे क्वचितच मिळेल. पण जितके बँड, तितके करार. डीव्हीडीचा जमाना ऐन भरात असताना हा चित्रपट त्या रूपात आला नाही. २००९ मध्ये मागणीनुसार बनवून देण्याच्या योजनेतून तो मिळू लागला. मधली वर्षे जुन्या कॅसेटींच्या नकलांवर निघाली.

२५/२८
संस्थेकडे फीत सुरक्षित असली, तरी ती दाखवायची की नाही हा निर्णय उरतोच. बीबीसी फोर वाहिनीने २०११ पासून ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे १९७६ पासूनचे भाग क्रमाने पुन्हा दाखवायला सुरुवात केली. सूत्रसंचालक जिमी सॅव्हिल यांचे लैंगिक गुन्हे २०१२ मध्ये उघड झाल्यावर त्यांचे भाग वगळले गेले. पीडितांचा विचार करता हा निर्णय समजण्याजोगा आहे. मात्र त्या भागांत आलेल्या बँडची सादरीकरणेही त्याबरोबर पडद्याआड गेली. जतन करणे आणि उपलब्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२६/२८
आज यातील बरेच काही यूट्यूबवर एका क्षणात सापडते. ही मोठी सोय आहे, आणि नवा धोकाही. चौकोनी चित्र रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापले जाते. संगणकाच्या साह्याने चेहरे गुळगुळीत केले जातात, रंग बदलतात, मूळ आवाजाच्या जागी नव्याने मिश्रित आवाज येतो. पाहणारा ती उजळ नक्कल अस्सल समजतो. १९८२ मध्ये घराच्या टीव्हीवर लोकांनी नेमके काय पाहिले, हे जाणण्यासाठी जुनी धूसर कॅसेटच अधिक विश्वासार्ह ठरते.

२७/२८
म्हणून अशा प्रत्येक चित्रफितीला तीन प्रश्न विचारावेत. तिचा खर्च कोणी केला आणि कशासाठी? ही आवृत्ती कोणती, आणि तिच्यातून काय वगळले आहे? समोरची प्रत मुळापासून कितवी? पहिला प्रश्न श्रीलंकेच्या हत्तींमागचा हिशेब दाखवतो, दुसरा ‘गर्ल्स ऑन फिल्म’ची जोडी उलगडतो, आणि तिसरा उजळवलेल्या चेहऱ्यांपासून सावध करतो. मोडी कागद वाचणाऱ्यालाही हेच प्रश्न पडतात.

२८/२८
एक व्यावहारिक सूचना. कोणाच्याही घरी ऐंशीच्या दशकातील कॅसेटी सापडल्या, तर डिजिटल प्रत काढण्यापूर्वी खोक्यावरची चिठ्ठी, हस्ताक्षरातील तारीख आणि वाहिनीचे नाव यांचे छायाचित्र घ्यावे. गाण्यांच्या मधल्या जाहिराती आणि निवेदन कापू नये. प्रत काढून झाल्यावरही मूळ कॅसेट टाकून देऊ नये. ती उभी, कोरड्या जागी, ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवावी. तारीख आणि जागा कळली तरच ती फीत साधन म्हणून वापरता येते.